खाली मांडता येईल असा कॉम्प्युटर

शीला राठोडच्या घरात कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता आणि सासऱ्यांची खाटही बाहेरच्याच खोलीत होती. सगळा त्रास एवढाच होता, पण तो वर्षानुवर्षं पुरला होता.

घर दोन खोल्यांचं, वर टिनपत्रे. आतल्या खोलीत चूल, गॅस, धान्याच्या कोठ्या आणि अंथरुणांची चळत. त्या खोलीला खिडकी नाही. बाहेरच्या खोलीला खिडकी, छताला पंखा आणि इन्व्हर्टरचा एकुलता एक प्लग. म्हणून टेबल तिथेच लागलं होतं. टेबलावर स्क्रीन, टेबलाखाली मांडीएवढा उंच काळा डबा, समोर प्लास्टिकची खुर्ची.

शीलाचा नवरा बादल मानोरा तालुक्यातल्या तांड्या-तांड्यांवर लग्नांचं शूटिंग करतो. शूटिंग त्याचं, एडिटिंग शीलाचं. सुरुवातीला तो तिला नुसतं विचारायला शेजारी बसवायचा. ही हिरव्या साडीची बाई नवरीची कोण, तो फेटेवाला कोणाकडचा. शीलाला माणसं कळायची. मग दर वेळी विचारत बसण्यापेक्षा माउस हिच्याच हातात दिलेला बरा, असं त्याच्या लक्षात आलं. तेव्हापासून ती कापते, जोडते, नावं टाकते, गाणी लावते. नवरी निघताना बायकांच्या गळ्यात पडून ढावलो गाते, रडत रडत माहेराला सांगत असते, तेवढ्या जागी शीला गाणं लावत नाही. तो आवाज तसाच ठेवते. लोकांना ते आवडतं. लोक म्हणतात, बादलभाऊचा हात चांगला आहे.

आता खुर्चीचं. सासरे हेमसिंग समोर आले की सुनेनं खुर्चीवर किंवा खाटेवर बसून राहायचं नाही. उठायचं, पदर पुढे घ्यायचा, आतल्या दारात जाऊन उभं राहायचं. हे तिला कुणी बसवून शिकवलं नव्हतं, आईला उठताना बघितलं होतं तेवढंच. हेमसिंग पाणी प्यायला आले, ऊठ. चष्मा राहिला म्हणून आले, ऊठ. त्यांना भेटायला कुणी आलं, ऊठ आणि चहा ठेव. लग्नसराईत दिवसभरात ती इतक्यांदा उठायची, की संध्याकाळी भाकरी थापायला खाली बसली म्हणजे बरं वाटायचं. तिथे सासरे आले तरी उठावं लागत नसे. खाली बसलेलीच असे ती, पदर तेवढा ओढला की झालं.

सासरा-सून एकमेकांशी बोलतही नसत. हेमसिंगना काही सांगायचं असलं की ते नातवाला, शिवमला म्हणत, "तुह्या याडीले सांग," म्हणजे आईला. शिवम घरी नसला तर शेळीला सांगत. "आज भाजीत मीठ जरा जास्तच झालं नाई वं," असं शेळीकडे बघून म्हणाले की शीलानं समजून घ्यायचं. माणूस वाईट नव्हता. आत येण्याआधी अंगणातूनच दोनदा खोकायचा, म्हणजे सुनेला उठायला वेळ मिळेल. उन्हाळ्यात जेवण झालं की ते अंगणातल्या निंबाखाली जाऊन बसत आणि दिवस कलेपर्यंत तिथेच असत. त्यांना झाडाखाली आवडतं, असं सगळ्यांनी धरलं होतं.

मागच्या लग्नसराईत त्या उठण्यानं एक घोटाळा केला. रामधन चव्हाणाच्या थोरल्या पोरीच्या लग्नातले नको असलेले तुकडे शीला निवडून पुसत होती. दारात खोकला आला. ती घाईनं उठली, उठताना हात कुठेतरी पडला, आणि नवरीच्या मामानं आहेर केला तो सगळा भाग गेला. बादलनं कॅमेऱ्यातलं कार्ड आधीच दुसऱ्या लग्नासाठी रिकामं केलं होतं. त्या मामानं नव्या बाईकची चावी दिली होती. पुढे कितीतरी दिवस तो मामा भेटेल तिथे बादलला विचारायचा, "मी लग्नाले आल्तो का नाई, तेवढं सांगा मले." बादलनं ते घरी येऊन शीलाला ऐकवलं. शीलानं ऐकून घेतलं. दारात खोकला आला होता, हे ती कुणाला सांगणार?

यंदा ऐन वैशाखात कॉम्प्युटर बसला. आधी आपोआप बंद पडू लागला, मग सुरूच होईना. बादलनं उघडला तर आत धुळीचा जाड थर आणि पंख्यात पाल. दुरुस्तीवाल्यानं मान हलवली. डबा, स्क्रीन, वायरी, सगळं गोणपाटात बांधून कोपऱ्यात ठेवलं. टेबल रिकामं झालं, खुर्ची अंगणात गेली.

त्या दिवशी दुपारी शीला आत तूर पाखडत होती. बाहेर खोकला आला, नेहमीसारखा दोनदा. मग खाट करकरली. थोड्या वेळानं तिनं दारातून डोकावलं, तर हेमसिंग पंख्याखाली पाय पसरून झोपले होते. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी निंबाखालची गोधडी उचलून त्यांनी स्वतःच झटकून आत आणली.

शीला सूप हातात घेऊन तशीच उभी राहिली. म्हणजे झाडाखाली आवडतं म्हणून म्हातारा तिथे बसत नव्हता. आत आलो की सुनेला उठावं लागतं, तिचं काम थांबतं, म्हणून बाहेर बसत होता. एवढ्या उन्हात. आणि ती आत बसून म्हणत होती, बरं झालं बाहेर आहेत.

तेव्हापासून तिनं एकच धरलं, की कॉम्प्युटर लहान घ्यायचा आणि आतल्या खोलीत ठेवायचा.

रात्रीच्या जेवणाला तिघं बसले, हेमसिंग आधीच जेवून बाहेर गेले होते. शिवम अकरावीला, सुट्टीतही क्लासला मानोऱ्याला जातो. फोनवर त्यानं सगळं बघून ठेवलं होतं.

"मम्मी, असा घ्याचा का एका बाजूनं पूरा काच. अंदर सात रंगाच्या लाइटी फिरतात."

"लाइटीनं एडिटिंग लवकर होते काय?"

"लवकर नाई होत. पन दिसते कसं."

"दिसाले तू हायेस ना घरात."

बादल हसला. "पोरगं बराबर बोलून राह्यलं पन. गिऱ्हाईक आलं का त्याले मशीन मोठं दिसलं पायजे. येवढुसा डबा पाह्यला तं म्हनतीन, बादलभाऊ, याच्यात दुपारचं जेवन आनलं काय?"

"मले लहानच पायजे."

"काहून?"

"आत नेता येते."

"आत? चुलीपाशी?" बादलनं घास हातातच ठेवला. "कायले?"

"बापूले बाहेरच्या खोलीत पडाले जागा होते."

"बापू निंबाखाली खुश हायेत. त्याईले कोन उठवलं?"

"त्याईले कोनी नाई उठवलं. मले उठा लागते."

"मंग तू उठते काहून? बापू म्हनले काय कधी, ऊठ म्हनून?"

"बरं," शीला म्हणाली, "तुमी सांगा त्याईले उद्या. म्हना, आमची बायको आता खुर्चीवरून उठनार नाई."

बादलनं ताटातली शेवटची भाकर मोडली आणि मोडतच राहिला. मग हात धुवायला बाहेर गेला. शिवम खाली मान घालून म्हणाला, "मम्मी, जे गेमले लागते ना, तेच तुया एडिटिंगले लागते. ग्राफिक्स कार्ड. म्या काई माह्यासाठीच नाई म्हनून राह्यलो."

"मालूम हाये," ती म्हणाली. "भांडे उचल."

पुढच्या सोमवारी तिघं वाशिमला गेले. बसमध्ये शीलाला खिडकी मिळाली आणि ती वाशिम येईपर्यंत झोपली. बादलनं तिला यायला सांगितलं होतं ते काही तिच्या पसंतीसाठी नाही. दुकानदार एडिटिंगचं काही विचारील आणि आपल्याला सांगता येणार नाही, म्हणून.

दुकान हरीओमचं. शेतकरी घरातला, तिशीचा, कपाळाला गंध. बादलच्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या तो पुरवायचा, म्हणून ओळख होती. काउंटरवर प्रिंटरांची रास, मागे भिंतीला खोकी. त्यानं तिघांना पाणी दिलं आणि विचारलं, "कामं काय काय हायेत, बादलभाऊ?"

"लग्नं. आता तं सगळेच फोर-के मागतात. घरी पाहाले टीव्ही नाई, पन फोर-के पायजे."

"अन् गेमिंग," शिवम म्हणाला.

"गेमिंग मंग."

"दोघाईचं एकच हाये," हरीओम म्हणाला. "प्रोसेसर दमदार, रॅम भरपूर, फाइली ठेवाले फास्ट डिस्क अन् एक चांगलं कार्ड. बाकी मंग डबा कोनता घेता त्याच्यावर." त्यानं काउंटरवर एक चपटी पेटी ठेवली, मसाल्याच्या डब्याएवढी. "हे सगळ्यात लहान. साधं कापाकापी मस्त करते. पन फोर-केचा पूरा विधी टाकला का याले धाप लागते. अन् गेम तं इसरूनच जा."

शिवमनं त्या पेटीकडे असं बघितलं, जसं तिनं त्याचं काही घेतलं होतं.

काचेचा मोठा डबा कोपऱ्यात सुरूच होता, आत निळे-जांभळे पंखे फिरत होते. शिवम त्याच्यासमोर उकिडवा बसला. बादलही वाकला. दोघांची तोंडं निळी-जांभळी दिसत होती. हरीओमनं तिसरा डबा काढला. काळा, बिनकाचेचा, घरातल्या पिठाच्या डब्यापेक्षा थोडा बुटका. "हा मधला. लहान हाये, पन याच्यात खरं कार्ड बसते. आखूड, एका पंख्याचं. काम सगळं करीन. पन लहान म्हनजे सस्ता नाई बरं, उलटं हाये. अन् पुढे याच्यात आनखी काई वाढवतो म्हटलं, तं जागा नाई."

"जागा आमच्या घरातई नाई," शीला म्हणाली.

हरीओम हसला. ती पहिल्यांदाच बोलली होती, म्हणून तो तिच्याकडे वळला. "तुमी बसता काय वहिनी मशीनवर?"

"मीच बसतो." शीलाला वाटलं, आता विचारून टाकावं. "हा आतल्या खोलीत चालंन काय? खिडकी नाई आत. बाजूले चूल हाये."

हरीओमनं सरळ सांगितलं. "नाई चालनार. मोठ्या डब्यात हवा फिराले जागा असते, याच्यात सगळं चिपकून बसलेलं. याले मोठ्यापेक्षाई जास्त हवा लागते. चुलीचा धूर अन् फोडनीचं तेल पंख्यातून अंदर गेलं का हा तुमचा पुढचा सीझन नाई पाहत. बाहेरच्याच खोलीत ठेवा, पंख्याखाली."

बादलनं बायकोकडे बघितलं. "झालं समाधान?"

शीला स्टुलावर बसली. एवढ्या दिवसांत तिनं त्या आतल्या खोलीत कोपरा झाडून ठेवला होता, कोठी सरकवली होती, वायर कुठून येईल ते बघून ठेवलं होतं. आता परत टेबल, परत खुर्ची, आणि म्हातारा परत निंबाखाली. तिला त्या क्षणी डबा मोठा घेतला काय आणि लहान घेतला काय, सारखंच वाटलं. बादल आणि शिवम काचेवाल्याचं बोलू लागले. ती प्रिंटरांच्या खोक्यांवरची चित्रं बघत बसली.

"मधला सुरू करून दाखवतो, फरक दिसंन," हरीओम म्हणाला. काउंटरवर जागा नव्हती. त्यानं फरशीवर पुठ्ठा पसरला, एक खोकं पालथं घालून त्यावर डबा ठेवला, दुसऱ्या खोक्यावर स्क्रीन टेकवली, आणि चपला काढून खाली मांडी घातली. कीबोर्ड पुढ्यात ओढला. त्याचा हात खोक्यावर, मान जराशी वाकलेली. दारातून कुणीतरी "हरीओम, माहा टोनर आला काय?" असं विचारलं. त्यानं मान वर केली, "उद्या या," म्हणाला आणि बसल्या जागी काम करत राहिला.

शीला त्याच्याकडे बघत राहिली. तव्यासमोर बसल्यासारखा बसला होता तो.

"भाऊ," ती म्हणाली, "हे असंच, खालीच मांडलं घरी, तं चालते काय?"

"खाली? खाली धूळ लय जाते, वहिनी."

"पाटावर ठेवला तं?"

हरीओमनं विचार केला. "पाटावर चालंन. वीतभर वर असला म्हनजे झालं. भिंतीले चिकटवू नका, मागून हवा सुटली पायजे. अन् आठवड्याले एक बार फडकं मारा."

"अन् हा काचेवाला?"

"तो नाई बसत पाटावर. त्याले टेबलच लागते."

"मंग हाच द्या," शीला उठून म्हणाली.

"मम्मी!" शिवम उभाच राहिला. "गेमिंग पीसी पाटावर? त्याची पूजा करतं काय?"

"तू जेवाले बसत नाई काय पाटावर? तुले काई झालं काय?"

"अवं पन टेबल हाये ना घरी," बादल म्हणाला. "टेबल असताना जमिनीवर कायले? गिऱ्हाईक येते, पाहते—"

"टेबलाले खुर्ची लागते. मले खुर्ची नको."

बादलनं दाराबाहेर बघितलं, रस्त्यावरून सोयाबीनची पोती भरलेला टेम्पो चालला होता, तो जाईपर्यंत बघत राहिला. त्याला कळलं होतं. जेवताना हात धुवायला उठून गेला होता ना तो, तेव्हाही कळलंच होतं.

"हरीओमभाऊ, हाच करा," तो म्हणाला. "पन कार्ड बसंन तेवढं चांगलं टाका. नाई तं पोरगं बसमध्ये रडंन."

"म्या कायले रडू?" शिवम पुटपुटला आणि काचेवाल्यासमोर आणखी एकदा जाऊन उभा राहिला.

परत येताना डबा शीलाच्या मांडीवर होता. बादल म्हणाला, वर ठेवू. ती नको म्हणाली. मानोऱ्यापर्यंत तिचे पाय बधिर झाले.

खिडकीखाली पाट टाकला, तोच, पाहुण्यांना जेवायला देतात तो सागवानी. त्यावर डबा, बाजूच्या पाटावर स्क्रीन. टेबलावर बादलनं कॅमेऱ्याच्या पिशव्या आणि दिवे ठेवले, म्हणजे गिऱ्हाइकाला काहीतरी दिसेल. संध्याकाळी शिवम गेम लावून मांडी घालून बसला. पहिले दोन दिवस त्यानं तोंड वाकडं ठेवलं, तिसऱ्या दिवशी विसरला. हेमसिंग खाटेवरून मागे बसून बघायचे. "हा कोनाले मारून राह्यला?" "दुश्मनले, दादा." "त्यानं काय केलं?" शिवमला सांगता यायचं नाही.

बसमध्ये शीलाच्या डोळ्यांसमोर जे होतं, ते सगळं झालं असं नाही. मशीन जलद झालं, तसं बादलनं कामंही जास्त घेतली. आधी दोन दिवस लागायचे तिथे त्यानं लोकांना दुसऱ्याच दिवशीचा शब्द दिला. आणि खाली बसून तिचे गुडघे धरायचे. पण ते ती निभावून नेत होती, म्हातारा आत पंख्याखाली निजावा एवढंच तिला हवं होतं. ते अजून झालं नव्हतं, कारण हेमसिंग दुपारी परत निंबाखाली जाऊ लागले होते. पाटावर का असेना, मशीन आलं होतं, सून बसली होती, म्हणजे आत जायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. त्यांना कोण सांगणार? बादल सांगणार नव्हता. ती तर बोलतच नव्हती.

त्या दिवशी बादल पोहरादेवीला एका लग्नात होता आणि शिवम मानोऱ्याला. ऊन असं होतं की अंगणातली शेळीही भिंतीच्या सावलीला चिकटून उभी होती. शीला ढावलोच्या भागावर आली होती. नवरी एका म्हाताऱ्या बाईच्या गळ्यात पडून गात होती, आवाज फाटत होता. एवढ्यात खोकला आला. एकदाच.

शीलाचा हात सवयीनं फरशीवर टेकला, एक गुडघा उचलला गेला, दुसऱ्या हातानं पदर ओढला.

हेमसिंग उंबऱ्यात उभे होते. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. खुंटीला शिवमचं जुनं दप्तर लटकत होतं, त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "शिवम, तुह्या याडीले सांग, बसून राह्य म्हना. भाकर करताना बसते, तशी."

शिवम घरात नव्हता. म्हाताऱ्याला ते माहीत होतं, सकाळी त्यानंच त्याला बसपर्यंत सोडलं होतं.

ते खाटेवर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. शीला तशीच, एक गुडघा वर घेऊन, अर्धी. मग हळूच बसली. स्क्रीनवर नवरी रडत होती, म्हणून तिनं आवाज कमी केला.

"शिवम," खाटेवरून आवाज आला, "आवाज कमी कायले केला म्हना. कोनाची पोरगी हाये ही?"

या घरात सून म्हणून आल्यापासून तिनं सासऱ्यांच्या बोलण्याला तोंडानं कधी उत्तर दिलं नव्हतं. ती खुंटीवरच्या दप्तराकडे वळली. घसा साफ केला.

"शिवम, दादाले सांग. रामधन चव्हानाची धाकली. जिच्या मामाचा आहेर गेल्ता ना, तिची बहीन."

खाट करकरली.

"मामा आला काय यंदा?"

"आला, म्हनावं. पह्यला त्याचाच भाग कापून ठेवला, वेगळा."

"हं," हेमसिंग म्हणाले. मग काही वेळानं घोरणं सुरू झालं.

वर पंखा फिरत होता, पाटावर डब्याचा छोटा पंखा फिरत होता. शीलानं आवाज पुन्हा थोडा वाढवला. गुडघा ठणकत होता. सासऱ्यासमोर पाय लांब करून बसायचं नसतं, पण ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. तिनं एक पाय हळूच पाटाच्या बाजूनं लांब केला, आणि नवरी गाडीत बसते तिथपर्यंत काही न कापता बघत राहिली.